हौशी सीएनसी राउटर: बिट कोणते घ्यावेत आणि मशीनकडून किती मागावं

गोदाकाठ (नांदेड)

छोट्या सीएनसी राउटरबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या मशीनबद्दल, विचारणारे व्यनि (खासगी निरोप) बरेच येतायत आणि त्यात आपल्या भागातलेच लोक जास्त आहेत. लातूर, परभणी, जालना, बीड. प्रश्न बहुतेक एकच: मशीन घेतलंय किंवा घेणार आहे, बिट (फिरून कापणारं हत्यार) कोणते मागवू? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. ज्यांना जास्त कळतं त्यांनी भर घालावी, चुकलं तिथे टोकावं.

मी बोलतोय ते ३०१८ म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनबद्दल. नावातच माप आहे, ३०० बाय १८० मिमी. झेडची, म्हणजे वरखाली, हालचाल साधारण ४५ मिमी. स्पिंडल (बिट फिरवणारा भाग) म्हणून ७७५ नंबरची डीसी मोटर, तिला ईआर११ कोलेट (बिट पकडणारी चिमटी), आणि वर अर्डुइनोच्या चिपवर चालणारं जीआरबीएल, म्हणजे मोटरांना हुकूम देणारं सॉफ्टवेअर. स्पिंडलचा वेग रिकामा फिरताना १०,००० आरपीएमच्या आसपास, लाकडात शिरला की त्याहून कमी.

बिट लाकूड बघून निवडायचा असं आपण धरून चालतो. या मशीनवर तो आधी मशीन बघून निवडावा लागतो. मोटरा लॉक असताना स्पिंडलला बाजूने अंगठ्याने दाबून बघा. डायल गेज लावलं तर सुई हललेली स्पष्ट दिसते. कापताना लाकूड बिटाला असंच दाबत असतं. म्हणजे फाइलमध्ये रेघ कितीही बारीक काढली तरी बिट जागेवर राहणार की सरकणार, हे या ताठपणावर ठरतं. आणि स्टेपर मोटरला, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरून बिट सरकवणाऱ्या मोटरला, आपण कुठे आहोत ते कळत नाही. जोर जास्त झाला, दोन-चार स्टेप चुकल्या, तरी कंट्रोलर मुकाट पुढे जातो आणि उरलेलं सगळं नक्षीकाम तेवढं सरकून उमटतं.

म्हणून या मशीनवर थर पातळ घ्यायचे. सागवानात ३.१७५ मिमीचा दोन फ्लूटचा (दोन धारांचा) बिट असेल तर एका पासला (एका थराला) अर्धा ते एक मिमी खोली आणि ६०० मिमी प्रति मिनिट फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग), यात काम नीट होतं. हिशोब सोपा आहे: फीडला आरपीएम आणि फ्लूटच्या संख्येने भागा, एक धार दर फेरीला किती लाकूड उचलते ते निघतं. ६०० भागिले ९,००० गुणिले २, म्हणजे ०.०३३ मिमी. हे चांगलं आहे. पुष्कळ जण घाबरून फीड १०० वर आणतात. तेव्हा हाच आकडा ०.००६ च्या खाली जातो. एवढ्यात धार कापत नाही, नुसती घासते, घासली की तापते, लाकडाला काळा डाग आणि बिटाची धार बोथट. कमी करायची असेल तर खोली कमी करा, फीड नाही.

आता बिट. चाळीस-पन्नास बिटांचा डबा घेऊ नका. सुरुवातीला एवढं पुरतं: ३.१७५ मिमीचा सपाट तोंडाचा कार्बाइड एंड मिल, दोन फ्लूट, कापणारी लांबी १२ मिमीच्या आसपास. यावर कटिंग, खाचा, पॉकेट (सपाट तळाचे खड्डे), सगळं. दुसरा ६० अंशाचा व्ही बिट, अक्षरांसाठी. तिसरा उठावाच्या कामाला गोल टोकाचा निमुळता बिट, टोकाला १ मिमी व्यासाचा. ॲक्रिलिक करणार असाल तर एक फ्लूटचा बिट वेगळा घ्या. सपाट एंड मिलचे मात्र दोन-तीन नग ठेवा, नांदेडात रविवारी संध्याकाळी बिट तुटला तर दुसरा कुठून आणणार?

मशीनसोबत जे दहा बिट फुकट येतात ते २० किंवा ३० अंशाचे, ०.१ मिमी टोकाचे असतात. ते कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेल्या) बोर्डावर सर्किट खोदायला आहेत. सागवानात घातले की पहिल्याच प्लंजला (सरळ खाली शिरताना) टोक जातं आणि माणूस समजतो मशीनच खराब आहे.

परभणीकर

गोदाकाठ दादा, लई कामाचा धागा काढलात. मी मशीन घेऊन बसलोय आन् नावाच्या पाट्या करायलोय. अक्षरं एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक व्हायलीत. व्ही बिट ६० चाच आहे. फॉण्ट बदलून पाहिला, तरी तसंच. काय असंल?

गोदाकाठ (नांदेड)

फॉण्टचा संबंध नाही. पाटी सपाट नाही, किंवा खालचा बोर्ड मशीनला समांतर नाही.

व्ही बिटाची रुंदी खोलीवर ठरते. ६० अंशाच्या बिटाने १ मिमी खोल गेलात की वर १.१५ मिमी रुंद रेघ मिळते. ९० अंशाचा असेल तर १ मिमीला २ मिमी. ३० चा असेल तर जेमतेम अर्धा मिमी. म्हणजे पाटीच्या एका टोकाला पृष्ठभाग ०.३ मिमी वर असेल तर तिथली रेघ तुमच्या बिटाने जवळपास ०.३५ मिमी जाड होणार. ‘श्री’ची वेलांटी आणि ‘क्ष’ची गाठ एवढ्यात भरून जाते. देवनागरीत हे लगेच दिसतं, कारण शिरोरेघ पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच धावते आणि तिची जाडी बदलली की डोळा तिथेच अडकतो.

उपाय असा. मशीनच्या टेबलावर एमडीएफची एक पाटी कायमची स्क्रूने बसवा, स्क्रूची डोकी खोल बुडवून. त्या पाटीवर मशीननेच ०.२ मिमीचा पास मारून ती सपाट करून घ्या. झाली ती मशीनला समांतर. पावसाळा लागला की एमडीएफ फुगतं, तेव्हा पुन्हा एक पास. मग कामाची फळीही त्यावर ठेवून तिचा वरचा भाग आधी सपाट करा आणि झेड शून्य (खोली जिथून मोजायची ती जागा) त्यानंतर घ्या.

वाळूजचा टर्नर

तीन मुद्दे राहिलेत, ते मी टाकतो. पोट भरण्यासाठी मोठी मशिनं चालवतो, घरी हे छोटं आहे.

एक, बिट कोलेटमधून किती बाहेर काढता. बाजूने सारखाच जोर आला तर बिटाचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर आठपट वाकणार. आणि व्यास कमी केला तर चौथ्या घाताने. १ मिमीचा बिट ३.१७५ मिमीच्या बिटापेक्षा, लांबी तीच धरली तर, साधारण १०० पट जास्त वाकतो. शंभर पट. म्हणून ‘बारीक नक्षी हवी’ म्हणून सगळं काम १ मिमीने करायला जाऊ नये. मोठ्या बिटाने माल काढून घ्यावा, बारीक बिट फक्त कोपऱ्यांना आणि शेवटच्या हाताला. बाजारात ३.१७५ शँकचे (दांड्याचे) बिट बहुतेक ३८ मिमी लांब मिळतात. त्यातला जेवढा कोलेटात जाईल तेवढा घालावा, फक्त फ्लूटवर कोलेट आवळू नये.

दोन, कार्बाइड की एचएसएस (हाय स्पीड स्टील, म्हणजे पोलाद). कार्बाइड पोलादाच्या जवळपास तिप्पट ताठ आहे, तेव्हा या छोट्या व्यासात तोच घ्यावा. पण तो ठिसूळ. एचएसएस वाकून सांगतो, कार्बाइड न सांगता तुटतो. टेबलावर पडला तरी धारेचा टवका उडतो, म्हणून डबीतच ठेवावा. एमडीएफमधला चीक एचएसएसची धार फार लवकर खातो.

तीन, रनआउट, म्हणजे फिरताना बिटाचं मध्यापासून हलणं. हे कुणी बघत नाही. स्पिंडलमध्ये बिट ०.०५ मिमी इकडेतिकडे फिरत असेल आणि एका धारेने ०.०३ उचलायचं असेल, तर दोन फ्लूटपैकी एकच फ्लूट सगळं काम करतोय आणि दुसरा हवेत. स्वस्त कोलेटात हे सर्रास असतं. कोलेट नटमध्ये आधी टचकन बसवायची, मग बिट घालायचा, मग आवळायचं. कोलेटच्या चिरांत अडकलेला भुसा दर वेळी ब्रशने काढायचा. एवढ्यानेच बऱ्याचदा निम्मा रनआउट जातो. तरीही राहिला तर सरळ एक फ्लूटचा बिट वापरा, त्याला जोडीदारच नाही.

परभणीकर

टर्नर भाऊ, कोलेटच्या चिरेतून केवढा तरी भुसा निघाला. धन्यवाद. बोर्ड सपाट करायला घेतलाय.

मखरवाली (धाराशिव)

मी गौरी-गणपतीची मखरं करते. जाळीचे पॅनल ५.५ मिमी एमडीएफमध्ये आणि थोडं ॲक्रिलिकमध्ये. दोन अडचणी आहेत. एमडीएफच्या वरच्या कडेला तंतू उभे राहतात, रंग दिला की खडबडीत दिसतं. आणि ॲक्रिलिक कापलेल्या जागीच पुन्हा चिकटतं, तुकडा निघतच नाही.

वाळूजचा टर्नर

ताई, तुमचा बिट अपकट असणार. त्याचा पीळ माल वर ओढतो, त्याबरोबर वरचे तंतूही उचलले जातात. डाउनकट घ्या. तो खाली दाबतो, वरची कड स्वच्छ येते. मात्र भुसा खाचेतच दाबला जातो, तेव्हा खोल खाचेत तो तापतो. पास पातळ ठेवा आणि भुसा ओढायला व्हॅक्यूमची नळी जवळ धरा. पॅनलच्या दोन्ही बाजू दिसणार असतील तर खाली जुना एमडीएफ घट्ट लावून कापा, खालची कडही फाटत नाही.

ॲक्रिलिकचं कारण दोनपैकी एक. एक तर शीट एक्स्ट्रूडेड (दाबून काढलेलं) आहे. ते कास्टपेक्षा (ओतून केलेल्यापेक्षा) लवकर वितळतं, दुकानदाराला कास्टच मागायचं. दुसरं म्हणजे दोन फ्लूटच्या बिटात चिप बाहेर पडायला जागा कमी. एक फ्लूटचा, गुळगुळीत खोबणीचा बिट घ्या आणि फीड वाढवा. बारीक पूड निघत असेल तर तो घासतोय. सुटे छिलके निघायला हवेत.

गोदाकाठ (नांदेड)

जाळीबद्दल एक. गोल बिटाने आतला कोपरा कधीच काटकोनात येत नाही. ३.१७५ च्या बिटाला आतल्या कोपऱ्यात जवळजवळ १.६ मिमीची गोलाई राहणारच. दोन मार्ग. डिझाइनच तसं करायचं, वेलबुट्टी, कमळ, पैठणीच्या पदरावरचा मोर, ज्यात काटकोन नकोच असतो. नाहीतर पटाशीने कोपरे हाताने साफ करायचे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या गणेशपट्ट्या जवळून बघा, पटाशीचा हात कुठे वळलाय ते कळतं. मशीनने ९० टक्के माल काढून द्यायचा आणि शेवटचा हात माणसाचा, ही वाटणी मला या मशीनची सगळ्यात चांगली बाजू वाटते.

बालाघाट

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचाय. एवढ्या मर्यादा सांभाळत बसण्यापेक्षा ७७५ काढून ट्रिम राउटर (सुतारांचं हाताने चालवायचं छोटं राउटर) बसवला तर? सहाशे-सातशे वॅट मिळतात, ३०,००० आरपीएम. बऱ्याच व्हिडिओत दाखवतात.

वाळूजचा टर्नर

ताकद मिळेल, ताठपणा मिळणार नाही. उलट जाईल. ट्रिम राउटरचं वजन त्या बारीक झेड स्लाइडवर लटकणार, त्यामुळे मशीन अजून झुलणार. शिवाय ते ताकद देतात म्हणून माणूस खोली वाढवतो आणि मग गॅन्ट्रीच (स्पिंडल धरणारी चौकट) तिरकी होते. आधी फ्रेमचे कोपरे गुण्याने तपासा, लीड स्क्रूच्या पितळी नटातला प्ले (ढिलेपणा) काढा, एक्सच्या सळयांचे बेअरिंग बघा. हे सगळं झाल्यावरही अपुरं पडलं तर मोठं मशीन घ्यावं. छोट्यावर मोठं स्पिंडल लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बॅकलॅश, म्हणजे नटातला हा प्ले, असेल तोवर रफिंग (पहिली जाडसर कापणी) कन्व्हेन्शनल दिशेनेच, म्हणजे धार फीडच्या उलट फिरेल अशी, करा. क्लाइम्ब दिशेत बिट स्वतःला लाकडात ओढून घेतो आणि नटातला सगळा प्ले एका झटक्यात वापरतो.

गाठीवाले लातूरकर

आमचं घर पाडव्याच्या साखरेच्या गाठी करणारं. साचे सागवानी, आजोबांच्या काळातले, सुताराने हाताने कोरलेले. काही फुटले, काही झिजून पदकाची नक्षी पुसट झाली. कोरून देणारा कारागीर आता सापडत नाही. या मशीनवर साचे होतील का? दोन अर्धे असतात, मध्ये दोरा जातो, वरून पाक ओततात. पदक साधारण ४० मिमी, एका अर्ध्यात ६ मिमी खोल.

गोदाकाठ (नांदेड)

होतील, आणि हे काम या मशीनला अगदी शोभणारं आहे. थोडं सविस्तर लिहितो.

साच्यात मुख्य गोष्ट म्हणजे पदक बाहेर सुटलं पाहिजे. भिंत उभी असली की साखर धरून बसते, काढताना पदकाची कड तुटते. म्हणून भिंतीला उतार हवा. निमुळता गोल टोकाचा बिट इथे दुहेरी काम करतो. टोकाला १ मिमी आणि १५ मिमी वर ३.१७५ मिमी होणारा बिट घेतला तर त्याच्या बाजूचा उतार साधारण ४ अंश येतो. मॉडेलमध्ये भिंतीचा उतार ५ किंवा त्याहून जास्त धरा म्हणजे बिटाची बाजू भिंतीला न घासता टोकच कापत राहील. तुमच्याकडचा जुना चांगला साचा असेल तर त्याचा उतार मोजून तोच घ्या. त्या सुताराने तो अनुभवाने ठरवलेला असणार, माझ्या आकड्यापेक्षा त्याचा आकडा खरा.

कामाचा क्रम असा. आधी ३.१७५ सपाट बिटाने रफिंग, भिंतीला आणि तळाला ०.३ मिमी माल शिल्लक ठेवून. ६ मिमी खोलीला अर्ध्या मिमीचे बारा थर. मग निमुळत्या बिटाने फिनिशिंग. इथे दोन फेऱ्यांमधलं अंतर किती ठेवायचं यावर वेळ आणि गुळगुळीतपणा दोन्ही ठरतात. गोल टोकाचा बिट दोन फेऱ्यांमध्ये बारीक कंगोरा सोडतो, त्याची उंची म्हणजे अंतराचा वर्ग भागिले व्यासाची चौपट. १ मिमी टोकाला ०.१ मिमी अंतर ठेवलं तर कंगोरा ०.००२५ मिमी, हाताला लागतच नाही. ०.२ ठेवलं तर ०.०१. नक्षीच्या भागाला ०.१ ठेवा, सपाट भागाला ०.२ पुरे.

वेळ धरून चाला. १०० बाय १०० मिमीच्या उठावाला ०.२ अंतराने ५०० फेऱ्या, प्रत्येकी १०० मिमी, म्हणजे ५० मीटर प्रवास. ६०० च्या फीडने जवळपास ८३ मिनिटं, तेही वळणांवरचा वेळ सोडून. ०.१ केलं की दुप्पट. तुमचं पदक छोटं आहे म्हणून परवडेल, पण एका फळीवर आठ पदकं असतील तर दिवस जाईल. मशीन सोडून कुठे जाऊ नका. बोथट बिट एका जागी अडकला तर भुसा पेटू शकतो.

एमडीएफ किंवा प्लाय या कामाला अजिबात वापरू नका, खाण्याचा पदार्थ आहे. सागवानच घ्या, रेषा सरळ असलेलं, गाठ नसलेलं. आणि एक ध्यानात ठेवा, सागवानात सिलिका असते, ती कार्बाइडची धारही झिजवते. फिनिशिंगचा बिट रफिंगला वापरू नका.

मखरवाली (धाराशिव)

दादा, गोल टोकाच्या बिटाने केलेल्या उठावाचा सपाट भाग मला नेहमी फुसफुशीत येतो, लव आल्यासारखा. तोही बोथट झाला म्हणायचं का?

वाळूजचा टर्नर

बोथट असेलच असं नाही. गोल बिटाच्या अगदी टोकाच्या मध्यबिंदूला गतीच नसते. परिघ फिरतो, मध्य जागेवर. सपाट भागावर बरोबर तोच मध्य लाकडाला लागतो आणि कापण्याऐवजी चिरडतो. म्हणून सपाट जमीन सपाट बिटानेच करावी, गोल टोक फक्त वळणांना. कॅम सॉफ्टवेअरमध्ये (बिटाचा मार्ग आखणाऱ्या) दोन वेगळे भाग करता येतात. मऊ लाकडात हे जास्त दिसतं, सागवानात कमी.

जालनेकर

विजेबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे भारनियमन असतंच, उन्हाळ्यात व्होल्टेजही पडतं. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण लाइट गेली की काम वाया जातं का?

गोदाकाठ (नांदेड)

चांगला आणि आपल्या भागात फार गरजेचा प्रश्न.

आधी धोका समजून घ्या. पुष्कळ बोर्डांत कंट्रोलरची चिप यूएसबीवर जिवंत राहते आणि फक्त मोटरांना २४ व्होल्ट अडॅप्टरमधून मिळतात. लाइट गेली की मोटरा आणि स्पिंडल थांबतात, पण लॅपटॉप फाइल पाठवतच राहतो आणि चिप ती मोजतच राहते. स्क्रीनवर बिट पुढे चाललेला दिसतो, प्रत्यक्षात तो लाकडात रुतून बसलाय. लाइट आली की मोटरा तिथूनच पुढच्या ओळी चालवायला लागतात, भलत्याच जागी. स्पिंडल पूर्ण वेगात यायच्या आत बिट ओढला जातो आणि तुटतो. म्हणून लाइट गेली की सगळ्यात आधी अडॅप्टरचं बटण बंद, मग सेंडरमध्ये (लॅपटॉपवरून फाइल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काम थांबवा.

पुन्हा जागेवर येण्यासाठी लिमिट स्विच (टोकाला गेलं की दाबले जाणारे) बसवून होमिंग, म्हणजे स्विचला लागून मशीनचं शून्य शोधणं, चालू करा. जीआरबीएल कामाचं शून्य, म्हणजे जी५४, ईईप्रॉम मेमरीत साठवून ठेवतं, ते वीज गेल्याने पुसलं जात नाही. पण ते मशीनच्या शून्यापासून मोजलेलं असतं आणि होमिंग नसेल तर मशीन जिथे चालू होईल तेच त्याचं शून्य. स्विच असले की होम करा, झेड वर उचला, स्पिंडल चालू करा आणि जिथे थांबलं त्याच्या थोड्या आधीच्या ओळीपासून सुरू करा. हाताशी कागद ठेवून अधूनमधून ओळीचा नंबर लिहून ठेवला तर शोधाशोध वाचते.

माझ्या मशीनचा अडॅप्टर २४ व्होल्ट ५ अँपिअरचा आहे, म्हणजे १२० वॅट. घरचा साधा इन्व्हर्टर ते सहज ओढतो. लांबलचक उठावाचं काम इन्व्हर्टरवरच लावा. आणि अर्थिंग तपासा. व्हॅक्यूमच्या नळीवर स्थिर वीज साठते, ती यूएसबीत शिरली की मध्येच कनेक्शन तुटतं. यूएसबी केबल आखूड आणि शिल्ड असलेली घ्या.

एप्रिल-मे मध्ये खोलीचं तापमान चाळीसच्या वर असतं तेव्हा स्टेपर ड्रायव्हरही तापून स्टेप सोडतात. कंट्रोलरच्या हीट सिंकवर एक छोटा पंखा बारमाही राहू द्या.

बालाघाट

पितळेच्या नामफलकाला मागणी आहे. पितळ, ॲल्युमिनियम जमेल का?

वाळूजचा टर्नर

खोदाई जमेल, कटिंग धीराने. ॲल्युमिनियमला एक फ्लूटचा ३.१७५, एका पासला ०.१ मिमी, फीड २५० ते ३००, आणि बिटावर स्पिरिटचा अगदी थोडा फवारा अधूनमधून, तोही मशीन थांबवून आणि जवळ ठिणगी नसताना. कोरडं कापलं की ॲल्युमिनियम धारेला चिकटतं. पितळ त्या मानाने सुटं कापतं. फक्त शीट दुहेरी टेपने पूर्ण पृष्ठभागावर चिकटवा, चारच कोपऱ्यांना क्लॅम्प लावले तर मध्ये शीट थरथरते आणि अक्षरांवर लहरी उमटतात. लोखंड, स्टेनलेस यांचा विचार या मशीनवर करूच नका.

गाठीवाले लातूरकर

गोदाकाठ दादा, सागवान मिळालं. गावाकडच्या जुन्या माळवदाच्या घराच्या तुळया आहेत, किल्लारीच्या भूकंपानंतर घर उतरवलं तेव्हापासून गोठ्यात रचून ठेवलेल्या. लाकूड घोटल्यासारखं सुकलंय. दोन अर्ध्यांची नक्षी एकमेकांवर तंतोतंत कशी बसवायची ते सांगा. आणि आमच्याकडे साचे आधी पाण्यात भिजवतात, मग पाक ओततात. त्याने लाकूड फुगून बिघडेल का?

गोदाकाठ (नांदेड)

१९९३ पासून सुकलेलं सागवान म्हणजे सोनं आहे. पण जुन्या तुळईत खिळे असतात, वरून डोकं मोडलेले, आत राहिलेले. चांगलं ताकदीचं चुंबक घेऊन चारही बाजूंनी हळूहळू फिरवा. काळा निळसर डाग दिसेल तिथे थांबा, लोखंड आणि सागवानातलं टॅनिन मिळून तसा डाग पडतो. खिळा निघत नसेल तर तेवढा तुकडा सोडून द्या. ३.१७५ कार्बाइड खिळ्याला लागला की संपला.

दोन अर्धे जुळवायचे तर दोन्हींना खुंट्यांची भोकं नक्षीच्याच सेटिंगमध्ये, फळी न हलवता पाडा. एका अर्ध्याची फाइल आरशात पलटवून दुसऱ्याला वापरा. पलटवण्याचा अक्ष फळीच्या मध्यरेषेवर ठेवा आणि दोन भोकं त्या रेषेपासून दोन्हीकडे समान अंतरावर. तीन खुंट्या पुरेत, तिसरी मुद्दाम मध्यापासून सरकवून, म्हणजे साचा उलटा बसवताच येणार नाही.

भिजवण्याचं म्हणाल तर सागवान त्यामानाने कमी फुगतं, पण रेषेच्या आडवं थोडं फुगतंच. म्हणून दोन्ही अर्धे एकाच तुळईतून, रेषा एकाच दिशेला ठेवून घ्या, दोन्ही सारखेच फुगतील. खुंटीची भोकं भिजवलेल्या लाकडात घट्ट होतात, ती अगदी किंचित सैल ठेवा. फिनिशिंग झाल्यावर साचा एकदा भिजवा, सावलीत पूर्ण वाळू द्या, उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने काढा, पुन्हा भिजवा. असं दोन-तीनदा केलं की पाक ओतताना नवीन तंतू उठत नाहीत. तेल-वॉर्निश लावू नका.

वाळूजचा टर्नर

अक्ष पलटवण्याआधी एका रद्दी फळीवर नुसती भोकं पाडून दोन तुकडे जुळवून बघा. एक्स आणि वाय खरंच काटकोनात नसतील तर आरशातल्या फाइलमध्ये ती चूक दुप्पट दिसते. भोकं जुळली नाहीत तर मला मोजमाप टाका, गॅन्ट्री किती सरकवायची ते काढून देतो.

गाठीवाले लातूरकर

रद्दी फळीवर भोकं पाडली. तिसऱ्या खुंटीला अर्धा मिमी फरक येतोय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापं आज रात्री टाकतो.